यंत्राची भाषा आणि शिकणाऱ्याच्या चुका

परकी भाषा शिकणाऱ्याच्या हातून चुका व्हावयाच्याच. नवखा मनुष्य बोलतांना लिंगवचनाचा घोटाळा करतो. परंतु ऐकणारा समजूतदार असला तर तो शब्द सोडून आशय घेतो आणि व्यवहार अडत नाहीं. गणकयंत्राची गोष्ट याहून अगदीं निराळी आहे. त्याला आज्ञा देण्यासाठीं ज्या भाषा निर्माण झाल्या, त्या शिकूं लागणाऱ्याला आयुष्यांत प्रथमच असा श्रोता भेटतो, कीं जो बोलणाऱ्याच्या मनांतलें कांहींच जाणत नाहीं आणि लिहिलेलें अक्षर न् अक्षर खरें मानून चालतो. एखादें चिन्ह गळलें, एखादें अक्षर बदललें, मोजणींत एकाचा फरक पडला, कीं यंत्र अडून बसतें. किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडतां चुकीचें उत्तर बिनदिक्कत छापून देतें. अशा वेळीं विद्यार्थी खट्टू होतो आणि हें काम आपल्या बुद्धीबाहेरचें आहे असें मानूं लागतो. त्याची ही निराशा किती निराधार आहे, हें या विद्येचा आरंभींचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येतें.

पहिली चूक तर यंत्राच्याहि आधीं जन्मास आली. इंग्लंडांतील गणिती चार्ल्स बॅबेज यांनीं कल्पिलेलें मोठें गणकयंत्र त्यांच्या हयातींत कधींच पुरें झालें नाहीं. परंतु १८४३ सालीं लेडी अ‍ॅडा लव्हलेस यांनीं त्या यंत्रावरील एका फ्रेंच निबंधाचें भाषांतर करून त्यास विस्तृत टिपा जोडल्या. त्यांतील शेवटच्या टीपेंत बर्नूली संख्या कशा काढाव्या, याचें पायरीपायरीनें दिलेलें कोष्टक आहे; तीच पुष्कळांच्या मतें जगांतील पहिली छापील आज्ञावली, म्हणजे आजचा प्रोग्रॅम. या कोष्टकाच्या चौथ्या पायरींत भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. यंत्र तयार असतें तर त्यानें हीहि पायरी मुकाट्यानें पार पाडली असती. विशेष हें, कीं यंत्र स्वतः कितीहि अचूक असलें तरी त्याला दिलेल्या पत्त्यांवरील आज्ञाच चुकीच्या असूं शकतील, असा इशारा लव्हलेसबाईंनीं त्याच टिपांत देऊन ठेवला होता. चूक आणि चुकीविषयींची सावधगिरी अशा रीतीनें एकाच लेखांत शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

यंत्रांतील दोषाला इंग्रजींत ‘बग’, म्हणजे किडा, असें म्हणण्याची चाल बरीच जुनी आहे. एडिसन यांच्या १८७८ सालच्या एका पत्रांतहि तो शब्द याच अर्थानें येतो. पुढें ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या यंत्रांत बिघाड झाला आणि शोध घेतां एका विद्युत्‌खटक्यांत अडकलेला पतंग सांपडला. कर्मचाऱ्यांनीं तो नोंदवहींत चिकटवला आणि खराखुरा किडा सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचा विनोदी शेरा खालीं लिहिला. ही नोंदवही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जतन केलेली आहे. गोष्ट गमतीची खरी. पण तिच्यामुळें एक गैरसमजहि फैलावला. दोष बाहेरून उडत येऊन यंत्रांत शिरतो, असें त्यावरून कोणास वाटेल. वस्तुतः बहुतेक दोष लिहिणाऱ्याच्या लेखणींतूनच उतरलेले असतात, आणि याची स्पष्ट जाणीव होण्यास आणखी दोन वर्षें लागलीं.

ती जाणीव केंब्रिज येथें झाली. तेथील विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेंत प्राध्यापक मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं ‘एड्सॅक’ नांवाचें यंत्र उभें राहिलें. त्यांत सुमारें ३,००० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणासाठीं पाऱ्यानें भरलेले लांब नळकांडे होते. ता. ६ मे १९४९ रोजीं या यंत्रानें ० पासून ९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग काढून छापले. आज्ञा कागदी फितीवर भोकें पाडून द्यावयाच्या. पहिली परीक्षा निर्विघ्न पार पडल्यामुळें पुढील वाट सरळ आहे, असा सर्वांचा समज झाला असल्यास नवल नाहीं.

लौकरच विल्क्स यांनीं खऱ्या कामाची आज्ञावली हातीं घेतली. एअरी या ज्योतिर्विदाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका समीकरणाचीं उत्तरें त्यांना यंत्राकडून काढून घ्यावयाचीं होतीं. आज्ञावली अवघी १२६ ओळींची. पण ती कांहीं केल्या चालेना. दुरुस्ती करावी, नवी फीत पाडावी, यंत्रावर चढवावी, आणि पुन्हां तीच गत. यंत्र एका मजल्यावर आणि फीत पाडण्याचें साधन खालच्या मजल्यावर. अशाच एका फेरींत, जिन्याच्या वळणावर, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यांत जाणार आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाला एकाएकीं जाणवली. ही आठवण त्यांनीं स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. ती फीत सुदैवानें टिकून राहिली. इतिहासकार मार्टिन कॅम्बेल-केली यांनीं ती तपासली, तेव्हां तींत सुमारें २० चुका आढळल्या. यंत्र बांधणाऱ्या, त्याची भाषा ठरविण्यांत भाग घेतलेल्या पंडिताच्या हातून दर सहा ओळींमागें सुमारें एक चूक झाली होती! आजच्या विद्यार्थ्यानें हा हिशेब अवश्य लक्षांत ठेवावा.

त्या वेळच्या चुकांचें स्वरूप पाहिलें तर तें आजहि ओळखीचें वाटेल. एड्सॅकच्या भाषेंत प्रत्येक आज्ञा एका रोमन अक्षरानें सुरू होई. ‘टी’ या अक्षरानें चालू बेरीज स्मरणांत ठेवली जाई आणि बेरजेची जागा पुसून साफ होई. ‘यू’ या अक्षरानें बेरीज ठेवली जाई, पण जागा तशीच भरलेली राही. नवशिक्यानें ‘टी’च्या जागीं ‘यू’ लिहिलें कीं पुढची बेरीज जुन्या शिलकेवर सुरू झाली. आजच्या भाषांत बेरजेचें खातें आरंभीं शून्यावर आणण्यास विसरणारा विद्यार्थी हीच चूक नव्या वेषांत करीत असतो. तसेंच, बेरीज उणी असेल तर अमुक आज्ञेकडे जावें हें ‘जी’ अक्षरानें सांगावयाचें, आणि उणी नसेल तर ‘ई’नें. आतां शून्य कोणाच्या बाजूचें? तें ‘ई’च्या बाजूचें. एवढी बारीक गोष्ट नजरेआड झाली कीं दहा वेळां करावयाचें काम नऊ किंवा अकरा वेळां होई. भाषा पुष्कळ बदलल्या. पण मोजणी कोठें सुरू करावी आणि कोठें थांबवावी, या ठिकाणीं अजूनहि विद्यार्थ्याचा पाय घसरतो.

केंब्रिजच्या मंडळींचा मोठेपणा चुका न करण्यांत नव्हता. चुका होणारच हें मान्य करून त्या शोधण्याचें शास्त्र त्यांनीं उभारलें, यांत होता. आरंभीं पुष्कळजण यंत्रापाशींच उभे राहून एकेक आज्ञा सावकाश चालवीत आणि पडद्यावरील ठिपक्यांवरून आंत काय चाललें आहे याचा अंदाज बांधीत. यांत यंत्राचा अमोल वेळ जाई आणि हातीं फारसें लागत नसे. म्हणून या डोकावण्याला आळा घालण्यांत आला. त्याऐवजीं तीन मार्ग रूढ झाले. पहिला, नेहमीं लागणारे लहान लहान आज्ञासंच एकदां नीट पारखून त्यांचा संग्रह करणें, म्हणजे तींच कामें पुन्हां नव्यानें लिहून पुन्हां नव्यानें चुकावें लागूं नये. या पद्धतीचा पाया घालण्यांत डेव्हिड व्हीलर यांचा वांटा मोठा आहे. दुसरा, आज्ञावली बंद पडल्यावर त्या क्षणीं स्मरणांत काय होतें तें छापून घेणें. या तपासणीला त्यांनीं शवचिकित्सेचेंच नांव दिलें होतें. तिसरा, प्रत्येक आज्ञा पार पडतांच तिचें अक्षर छापीत जाणें, म्हणजे यंत्र कोणत्या वाटेनें गेलें आणि कोठें वाट चुकलें हें घरीं बसून वाचतां यावें. स्टॅन्ली गिल यांनीं या विषयावर १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनीं मिळून लिहिलेलें पुस्तक बाहेर पडलें. आज्ञावली-लेखनावरील तें पहिलें पाठ्यपुस्तक समजलें जातें.

चूक झाल्यावर शोधण्यापेक्षां आधींच पडताळा पाहतां आला तर काय, हा प्रश्नहि त्याच काळीं पुढें आला. ता. २४ जून १९४९ रोजीं केंब्रिज येथेंच भरलेल्या परिषदेंत अ‍ॅलन ट्यूरिंग यांनीं मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर एक छोटा निबंध वाचला. त्यांचें म्हणणें साधें होतें. लांबलचक बेरजेचें नुसतें उत्तर दिलें तर तपासणाऱ्याला ती सारी पुन्हां करावी लागते. पण प्रत्येक घरांतले हातचे लिहून ठेवले तर एकेक घर स्वतंत्रपणें तपासतां येतें. त्याचप्रमाणें लिहिणाऱ्यानें ठिकठिकाणीं ‘येथें पोंचल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे’ असें नमूद करावें, म्हणजे मोठें काम लहान लहान तुकड्यांनीं पारखतां येईल. दैवाची थट्टा अशी, कीं या निबंधाच्या छापील प्रतींतच नकलेच्या इतक्या चुका राहिल्या, कीं १९८४ सालीं दोघां अभ्यासकांना तो शुद्ध करून पुन्हां प्रसिद्ध करावा लागला.

यानंतर विद्यार्थ्याच्या सोयीकडे लक्ष गेलें. अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्‌झ यांनीं ‘बेसिक’ ही भाषा खास नवशिक्यांसाठीं रचली, ता. १ मे १९६४ च्या पहांटे चार वाजतां ती प्रथम चालली. तिच्या रचनेचें एक तत्त्वच असें ठरलें होतें, कीं चूक झाल्यास यंत्रानें ती स्पष्ट आणि स्नेहभावानें सांगावी. तोंवर निमूट असलेल्या यंत्राला अशा रीतीनें शिक्षकाची थोडीशी वाणी लाभली. आज पडद्यावर चुकीच्या ओळीचा क्रमांक आणि कारण उमटतें. पण घाबरलेला विद्यार्थी पुष्कळदां तेंच वाचावयाचें सोडून अंदाजानें फेरबदल करूं लागतो आणि एकीच्या जागीं दोन चुका करून ठेवतो.

केंब्रिजच्या १९५१ सालच्या वर्गाला एड्सगर डायक्स्ट्रा नांवाचा एक डच तरुण येऊन बसला होता. पुढें या विषयांतील थोर आचार्य झाल्यावर त्यांनीं बजावलें, कीं चाचणीनें चुका आहेत हें दाखवितां येतें. चुका नाहींत हें दाखवितां येत नाहीं. इतक्या वर्षांच्या अनुभवांतून शिकणाऱ्याच्या हातीं उरतें तें थोडकें आहे. आपल्याला काय म्हणावयाचें होतें हें बाजूस ठेवून आपण काय लिहिलें तें वाचावें. काम लहान भागांत तोडून एकेक भाग पारखावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि यंत्रानें सांगितलेलें शांतपणें ऐकावें. जिन्याच्या त्या वळणावर विल्क्स यांना आपलें भविष्य दिसलें; तरीहि ते माघारीं फिरले नाहींत. फीत हातांत घेऊन ते पुन्हां दुरुस्तीस लागले.