प्रकाशाचें कुलूप आणि भिंतीचे कान

भिंतीलाहि कान असतात, ही म्हण जुनी. परंतु कुलूप शाबूत असतां भिंतीनेंच गुपित फोडावें, हा अनुभव शास्त्रज्ञांस विसाव्या शतकाच्या अखेरीस आला.

इ. स. १९८४ च्या डिसेंबरांत बंगळूर येथें भरलेल्या परिषदेंत अमेरिकेचे चार्लस् बेनेट व कॅनडाचे जील ब्रासार यांनीं एक अपूर्व योजना मांडली. गुप्त लिपीची किल्ली एकेका प्रकाशकणाच्या कंपनदिशेच्या रूपानें धाडावयाची. तो कण कोणत्या रीतीनें मापावा हें ठाऊक नसलेल्या परक्यानें तो मापला, तर त्याची मूळ स्थिति बिघडण्याचा संभव असतो. सबब हेरानें वाटेंत डोकावलें कीं चुका वाढतात व चोरी उघडकीस येते. पहाऱ्यास प्रत्यक्ष सृष्टिनियम उभा, मग भय तें कसलें?

१९८९ मध्यें न्यूयॉर्क प्रांतांतील यॉर्कटाउन हाइट्स येथें आय. बी. एम. च्या प्रयोगशाळेंत ही योजना कृतींत उतरली. काळोख्या पेटींत प्रकाशकणांनीं सुमारें ३२ सेंटिमीटरांचा प्रवास केला. पण कंपनदिशा बदलण्यासाठीं स्फटिकांस उच्च दाबाची वीज द्यावी लागे, आणि त्या वीजयंत्राचा आवाज दिशेगणिक निराळा येई! प्रकाशास स्पर्शहि न करतां, नुसत्या कानांनीं किल्ली चोरतां आली असती. आपलें यंत्र बहिऱ्या हेरापुरतें अभेद्य होतें, असें ब्रासार यांनीं पुढें विनोदानें लिहिलें.

त्या विनोदाचें गांभीर्य २०१० मध्यें कळलें. तोंवर असलीं यंत्रें बाजारांत आलीं होतीं. नॉर्वेंतील ट्राँढाइमचे लार्स लीडरसन, वादिम माकारोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं अशा दोन यंत्रांच्या प्रकाशग्राहकांवर प्रखर झोत सोडला. दिपलेल्या ग्राहकांस एकटा कण दिसेना. हेर जी तीव्र झळक पाठवील तेवढीच ते नोंदवूं लागले. चुका न वाढवितां, मागमूसहि न ठेवतां संपूर्ण किल्ली मिळवतां येईल, हें सिद्ध झालें. सृष्टिनियम अभंगच होता. त्याची चाकरी करणारें यंत्र आंधळें झालें होतें.

२०१२ मध्यें हॉइ-क्वाँग लो, मार्कोस कुर्टी व बिंग ची यांनीं तोड काढली. दोघांनींहि प्रकाश पाठवावा, मापन तिसऱ्यानें करावें. तो तिसरा स्वतः हेर असला तरी किल्ली सुरक्षित राहावी. मात्र प्रकाश धाडणाऱ्या यंत्रावर विश्वास टाकणें तरीहि भागच राहिलें.

कागदावरील यंत्र मुकें असतें. कारागिराच्या हातचें यंत्र गुणगुणतें, तापतें, दिपतें. गुपित जपणाऱ्यानें सिद्धांताइतकाच त्या गुणगुणण्याचाहि अभ्यास केला पाहिजे.