परटाची वही



गेल्या महिन्यात सूनबाईने चार टोपल्या मागवल्या. एक पांढऱ्या कपड्यांची, एक रंगीत, एक मुलांच्या गणवेशांची आणि एक "आई, तुमच्या पूजेच्या कपड्यांची". आमच्या घरात दहा माणसं. थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघं, दोन मुलं, दोन सुना, एक नातू, एक नात. रोजचं धुणं मी एकदा मोजलं होतं. टॉवेल आणि चादरी सोडून चाळीसच्या वर कपडे होतात. टोपल्या ओळीने मांडून झाल्यावर तिने विचारलं, "मशीन नव्हतं तेव्हा एवढं धुणं कसं काढत होता?" मी म्हटलं, "आम्ही काढतच नव्हतो. परीट काढत होता." मग मलाच वाटलं, हे लिहून ठेवायला हवं.

माझं माहेर साताऱ्याचं. घरात वापरायचे साधे कपडे आई मोरीत धुवायची. पण धोतरं, चादरी, अभ्रे, बाहेर जायच्या साड्या हे सगळं परटाकडे जायचं. आठवड्यातून एकदा परटीण यायची. आई सोप्यात बसून एकेक कपडा मोजायची आणि मी लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत लिहायची. धोतर 4, सदरा 6, चादर 3, उशीचे अभ्रे 6. पुढच्या आठवड्यात धुतलेलं गाठोडं आलं की त्याच ओळीवर बरोबरची खूण. कमी आलं तर गोल. पुढे बी.कॉम.ला जमाखर्च शिकवायला लागले, तेव्हा मला ते नवं वाटलंच नाही. नावे-जमा मी दहाव्या वर्षी परटाच्या वहीत शिकले होते.

त्या वहीला परटाच्या बाजूने जोड होती ती बिब्ब्याची. त्याच्याकडे वीस-पंचवीस घरांचे कपडे एकाच भट्टीत जात. कोणाचं धोतर कोणाचं, हे कळावं म्हणून तो कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याच्या रसाने बारीकशी खूण करायचा. ती कितीही सोडा घातला तरी जात नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला 'मार्किंग नट' असं नावच दिलं, ते यावरूनच. बिब्बा उततो, हे आपल्याला माहीत आहे. कोणाकोणाला त्या खुणेपाशी मानेला किंवा कमरेला पुरळ उठायचं. माझ्या काकांना उठायचं आणि ते उन्हाळ्याला दोष द्यायचे.

भट्टी म्हणजे काय ते आजच्या मुलींना सांगावं लागेल. मळके कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, सोडा बाजारात मिळत नव्हता त्या काळी खारवट मातीच्या पाण्यात. मग खाली पाणी उकळत ठेवलेल्या मोठ्या भांड्यावर ते पिळे रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. खार आणि वाफ मिळून तेलकट मळ सुटतो. सकाळी नदीवर नेऊन दगडावर आपटून, स्वच्छ पाण्यात काढून उन्हात वाळवायचे. मग नीळ, खळ, कोळशाची इस्त्री. गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांतला एक. वर्षाच्या धुण्याबद्दल सुगीला धान्य मिळायचं. बाळंतिणीचे आणि सुतकाचे कपडेही त्याच्याच घरी जायचे आणि लग्नात पायघड्या घालायचा मानही त्याचाच. मान होता म्हणते, पण घरात त्याला ओसरीच्या पुढे येऊ दिलं जायचं का, असं मी आजीला विचारलं होतं. आजीने उत्तर दिलं नाही. ज्यांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली ते गाडगेबाबा परीट समाजातलेच होते, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांचा मळ काढणारी माणसं आपल्या वहीत फक्त 'धोतर 4' अशी दिसतात.

आता आपल्या धर्माचं. आपल्या घरांत धुण्याचा विचार कपड्यापासून सुरू होत नाही, पाण्यापासून होतो. माझ्या आजीच्या विहिरीवर दुहेरी जाड गाळणं कायम बांधलेलं असे. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं चालतं, पुढे पुन्हा गाळायचं. गाळण्यावर राहिलेलं, त्याला जिवाणी म्हणतात, ते त्याच विहिरीत पाण्याला लागेपर्यंत हळूच सोडायचं, वरून ओतायचं नाही. धुण्यालासुद्धा गाळलेलंच पाणी. म्हणून आजी कधी नदीवर धुवायला गेली नाही आणि धुण्याचं साबणपाणी विहिरीकडे वाहू दिलं नाही. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे धुणं बंद. लहानपणी मला तो नुसता नियम वाटायचा. आज हिशेब केला तर महिन्यातले चार दिवस पाणी वाचत होतं आणि एका बाईच्या कमरेला चार सुट्ट्या मिळत होत्या.

दिगंबर परंपरेत मुनींनी वस्त्र का ठेवू नये, याची जी कारणं सांगितली जातात त्यात एक अगदी घरगुती आहे. वस्त्र ठेवलं की ते मळतं, त्यात उवा होतात, धुवावं लागतं, धुताना जीव मरतात, वाळत घालावं लागतं, फाटलं की दुसरं मागावं लागतं. हे मी पहिल्यांदा प्रवचनात ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. हा सगळा हिशेब मी रोज करत होते! आर्यिका माताजींची पांढरी साडी एक अंगावर आणि एक वाळत. चातुर्मासात ती धुवायचा मान मिळावा म्हणून आम्ही बायका धडपडतो. घरच्या चाळीस कपड्यांना मात्र 'मान' हा शब्द कोणी लावत नाही.

सातारा म्हटलं की कर्मवीर अण्णांचं नाव येणारच आणि धुण्याच्या इतिहासात तर ते यायलाच हवं. भाऊराव पाटील हे आपल्या समाजातले. 1887 साली कुंभोजला जन्म, घराणं ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. ते वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी होतं. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. एक आंघोळ करून ओला कपडा पिळून टाकला असता तर विषय संपला असता. तो त्यांनी संपू दिला नाही.

1919 साली कराडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली आणि वसतिगृह सुरू झालं. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव दिलं गेलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एकत्र राहायची. दळण, पाणी, लाकडं, स्वयंपाक, झाडलोट आणि स्वतःचं धुणं मुलंच करायची. नोकर ठेवायला पैसे नव्हते हे खरं, पण अण्णांनी त्या गरजेचंच शिक्षण केलं. लक्ष्मीबाई वहिनी कर्मठ जैन घरात वाढलेल्या, सोवळ्यात मुरलेल्या. पंगतीला सगळ्या जातींची पोरं, ही गोष्ट त्यांना सुरुवातीला किती जड गेली असेल याची कल्पना आपल्याला करता येते. त्याच वहिनींनी मुलांच्या पोटासाठी आधी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. 1930 साली त्या गेल्या.

मला या गोष्टीत एक बारीक मुद्दा दिसतो. सगळ्या जातींच्या मुलांचे कपडे एकाच दोरीवर वाळत होते आणि धुणारा ज्याचा तोच होता. ना परीट, ना आई, ना बहीण. साताऱ्यातल्या माझ्या माहेरच्या आळीत त्याच काळात एकाही घरातला मुलगा स्वतःचा सदरा धूत नव्हता. अण्णांचा फोटो मात्र घरोघरी होता.

लग्न होऊन 1983 मध्ये मी सांगलीला आले. तोवर परटाची वही बंद होत आली होती. कारणं काही मोठी नव्हती. टेरिलीन-टेरिकॉट आलं, त्याला भट्टी नको, खळ नको, इस्त्रीही जेमतेम. सर्फ भारतात 1959 साली आलं, पण ते महाग. 1969 मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादला घरी पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली, ती निरमा. ती सर्फच्या मानाने कितीतरी स्वस्त होती, आणि धुण्याची पावडर मध्यमवर्गाच्या मोरीत पोचली. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, कपड्यावर पांढरट साका बसतो. पावडरीला ती अडचण नाही. म्हणजे बायकांनी पावडर नुसती जाहिरात बघून घेतली नाही.

पण झालं काय, की परटाला द्यायचे ते पैसे वाचले आणि त्याचं काम सासूबाई, जाऊबाई आणि मी अशा तिघींत वाटलं गेलं. मोरीतल्या दगडावर सकाळी सहापासून. सासूबाईंच्या बोटांना सोड्याने भेगा पडायच्या, रात्री त्या खोबरेल लावून बसायच्या. मग मशीन आलं. आता सुटलो, असं वाटलं. सुटलो नाही. मशीन आहे म्हणून पूर्वी दोन दिवस घातला जाणारा शर्ट एका दिवसात टोपलीत यायला लागला. चादरी पंधरा दिवसांऐवजी आठवड्याला. अमेरिकेतल्या रूथ श्वार्ट्झ कोवन नावाच्या इतिहासकार बाईंनी 1983 मध्येच, म्हणजे माझ्या लग्नाच्या वर्षी, 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं हेच: यंत्रं आली आणि पुरुषांचं, मुलांचं, नोकरांचं, बाहेरच्या लाँड्रीचं काम एकेक करून घरच्या बाईकडे आलं, वर स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. धाकट्या सुनेने मला ते मोबाइलवर समजावून सांगितलं. मी म्हटलं, या बाई आमच्या गल्लीत राहून गेल्या का?

आकडे हवेतच. सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97. हे जे पुरुष घरकाम करतात त्यांचं. चारातले जवळपास तीन तर त्या दिवशी करतच नाहीत. परटाच्या वहीत निदान तारीख होती, नग होता, देणं होतं. त्या 299 मिनिटांची वही कोणाच्याच घरात नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं घर गावभागात. आम्ही विश्रामबागला नातेवाइकांकडे गेलो. आठ-दहा दिवसांनी परत आलो तर तळमजल्यावर घोटाभर चिखल आणि मशीन आडवं पडलेलं. कपाटातले कपडे, लग्नाचे शालू, पूजेची धोतरं सगळं एका रंगाचं. नळाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा हंडे भरायचे. बाहेर रस्त्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते, ते कोणी उचलत नव्हतं. मी आणि जाऊबाई दोघींनी पहिल्या दिवशी परसातल्या जुन्या दगडावर धुवायला घेतलं आणि दुपारी जाऊबाई तिथेच बसल्या. त्यांना उठता येईना. माझा हात खांद्याच्या वर जात नव्हता. दोन्ही सुना चिखल काढत होत्या.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा घरात आवाज चढवला. म्हटलं, उद्यापासून ज्याचं त्याने. भावजी काही बोलले नाहीत. अहो म्हणाले, "मला येत नाही." मी म्हटलं, "शाहू बोर्डिंगच्या पोरांना येत होतं." दुसऱ्या दिवशी सगळे पुरुष दगडाभोवती. अहोंनी पूजेचं पांढरं धोतर तीन पाण्यांतून काढलं, तरी पिवळटच राहिलं. चौथं पाणी मागितलं तेव्हा त्यांना सांगितलं, टँकर परवा येणार आहे.

नवीन मशीन दिवाळीनंतर आलं, पण वही तेव्हाच सुरू झाली आणि अजून चालू आहे. लाल पुठ्ठ्याचीच, लांबट. फरक एवढाच की रकान्यात कपड्यांची नावं नाहीत, माणसांची आहेत. मशीन कोणी लावलं, वाळत कोणी घातलं, घड्या कोणी केल्या. पूजेचे कपडे ज्याचे त्याने, गाळलेल्या पाण्यात, हाताने. थोडी कुरकुर होते. मुलगा कामाला बाहेर गेला की त्याचा रकाना त्याची बायको भरते, ते मी खोडते. नातू अकरा वर्षांचा आहे, स्वतःचे मोजे आणि क्रिकेटची पँट धुतो. पँटचे गुडघे त्याला निघत नाहीत, पण मी हात लावत नाही.

सूनबाईच्या चार टोपल्या चांगल्या आहेत, रंग लागत नाही एकमेकांना. वही मात्र मी बंद करू दिली नाही. परवा बघितलं तर अहोंच्या नावापुढे मंगळवार कोरा. विचारलं तर म्हणाले, "चतुर्दशी होती ना." मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. त्रयोदशी होती.