बॉडी की लेन्स? १८४० पासून चालत आलेला वाद

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित अवतार. ऑडिओत मी दोनतीनदा अडखळलो आणि मधेच मामांचा फोन आला. ते सगळं इथे काढून टाकलंय. मामा मात्र राहिलेत. का ते पुढे कळेल.

विषय तसा घरगुती आहे. माझ्याकडे साठवलेले साठ हजार रुपये आहेत, एक निकॉन डी५६०० आहे आणि त्याच्यासोबत खोक्यात आलेली १८-५५ लेन्स आहे. आठवडाभर मी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या नाटकांचे फोटो काढतो. प्रायोगिक नाटक म्हणजे काय, तर अंधार. आमच्या ग्रुपच्या एका नाटकात अख्खा शेवटचा प्रवेश एका कंदिलावर चालतो. त्यात काढलेला माझा प्रत्येक फोटो एकतर हललेला असतो, नाहीतर त्यावर कुणीतरी रवा सांडल्यासारखा दिसतो. आता पुढच्या महिन्यात या नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. मुख्य काम करणारी मैत्रीण नोकरीसाठी बाहेर चाललीय, आणि त्या प्रवेशाचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही.

तर प्रश्न असा: नवीन बॉडी घेऊ की चांगली लेन्स?

ज्याला विचाराल तो एकच सांगतो. "लेन्समध्ये पैसे घाल रे, बॉडी काय, येतात जातात." असं उत्तर सगळेच देतात आणि कारण कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा मला खाज सुटते. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि तेव्हा काय अडलं होतं, ते आम्ही आधी बघतो. म्हटलं, या सल्ल्याचंही तेच करू.

तर चला १८३९ मध्ये. पॅरिसमध्ये डागेरने आपली पद्धत जगासमोर मांडली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर आयोडीनची वाफ, आणि पुढे शार्ल शेवालिएची लेन्स. लेन्स बरी होती, पण मंद होती. आजच्या भाषेत साधारण एफ १६ च्या आसपास. कडक उन्हातसुद्धा मिनिटांच्या हिशोबात एक्स्पोजर द्यावं लागायचं. इमारतींचे फोटो झकास यायचे, कारण इमारती हलत नाहीत. माणसाचं काय?

त्यावर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत दोन उपाय निघाले, आणि माझ्या मते आपला आजचा वाद तिथेच जन्माला आला. पहिला उपाय व्हिएन्नात. योसेफ पेट्झवाल हा गणिताचा प्राध्यापक. त्याने काच घासून बघत बसण्याऐवजी लेन्स आधी कागदावर गणिताने मांडली. आकडेमोड इतकी प्रचंड होती, की मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले हिशोबात तरबेज सैनिक दिले गेले. म्हणजे बघा, तोफगोळा कुठे पडेल याचं गणित करणारी माणसं प्रकाशाचा किरण कुठे पडेल याचं गणित करत बसली होती! १८४० साली तयार झालेली ही लेन्स एफ ३.६ च्या जवळपासची होती. फ आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला, तर शेवालिएच्या लेन्सपेक्षा सुमारे वीसपट प्रकाश. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि माणसांचे पोर्ट्रेट काढणं हा धंदा होऊ शकला. (पेट्झवाल आणि लेन्स बनवणारा फोक्टलेंडर यांचं पुढे पैशांवरून जोरदार वाजलं. तो वेगळा एपिसोड होईल.)

दुसरा उपाय रसायनातला. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन गोडार्डने पत्र्याला आयोडीनबरोबर ब्रोमीनचीही वाफ दिली, आणि पत्राच जास्त संवेदनशील झाला. लेन्स तीच, पण कमी प्रकाशात काम भागू लागलं.

म्हणजे अंधारावर इलाज पहिल्यापासून दोनच. एकतर जास्त प्रकाश आत घ्या, नाहीतर जो आत येतोय त्याला जास्त चांगलं टिपणारा पृष्ठभाग ठेवा. हा दुसरा भाग, टिपणारा पृष्ठभाग, कॅमेऱ्यात नेमका कुठे राहतो, ते लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथेच आहे.

आता एकदम ११० वर्षं पुढे, १९५० चं तोक्यो. का, तर "लेन्स आधी" या सल्ल्याची सगळ्यात सुंदर गोष्ट तिथली आहे. डेव्हिड डग्लस डंकन हा 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर, हातात जर्मन लायका. तेव्हा जर्मन म्हणजे उत्तम आणि जपानी म्हणजे नक्कल, असा सरसकट समज होता. जुन मिकी नावाच्या तरुण जपानी फोटोग्राफरने ८५ मिमीच्या निक्कोर लेन्सने डंकनचाच एक फोटो काढला. प्रिंट बघून डंकन चाट पडला आणि लेन्स तपासायला थेट निप्पॉन कोगाकुच्या कारखान्यात गेला. तीच कंपनी, जिला आपण आज निकॉन म्हणतो.

डंकनने काय केलं बघा. त्याने निकॉनचा कॅमेरा घेतला नाही. स्वतःची लायका बॉडी तशीच ठेवली आणि पुढची लेन्स तेवढी बदलली. लायकाच्या ३९ मिमी आट्यांमध्ये बसणाऱ्या निक्कोर मिळत होत्या, म्हणून हे जमलं. २५ जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं आणि तो त्या लेन्स घेऊन तिकडे गेला. न्यूयॉर्कच्या ऑफिसात त्याच्या निगेटिव्हची धार बघून लोक चकित झाले. डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जपानी कॅमेऱ्यांवर लेख आला आणि निकॉनचं नाव अमेरिकेत झालं. एका कंपनीचं नशीब दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसून उघडलं! आणखी एक गंमत: कॅननचा १९३६ चा पहिला बाजारात आलेला कॅमेरा, हान्सा कॅनन, त्याची लेन्ससुद्धा निक्कोरच होती. ब्रँडवरून कमेंट सेक्शनमध्ये भांडणाऱ्यांनी हे जपून ठेवावं.

डंकनची युक्ती चालली, कारण फिल्मच्या काळात बॉडी म्हणजे शेवटी एक अंधारी पेटी. शटर, फिल्म पुढे सरकवायची सोय, बघायला खिडकी, बस. टिपणारा पृष्ठभाग बॉडीचा नव्हताच, तो रोलमध्ये होता. १९५९ च्या निकॉन एफमध्ये आणि २००४ च्या एफ६ मध्ये ट्राय-एक्सचा एकसारखा रोल भरा, पुढे एकच ५० मिमी लेन्स लावा, एक्स्पोजर सारखं ठेवा आणि मग कुठली निगेटिव्ह कुठल्या कॅमेऱ्याची ते ओळखून दाखवा. "सेन्सर" बदलायचा तर दुकानात जाऊन वेगळा रोल मागायचा. अशा जगात पैसे लेन्समध्ये घालणं हे शहाणपण नव्हतं, तो सरळ हिशोब होता.

आता मामा. मिरजेजवळच्या आमच्या गावात मामांचा स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट. कॅमेरा निकॉन एफएम२, १९८२ साली आलेलं मॉडेल. त्याचं शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला. मामांनी त्या एका बॉडीवर जवळजवळ दोन दशकं काढली आणि जमेल तशा लेन्स जोडल्या: २८, ५०, १०५. "बॉडी भाड्याची खोली, लेन्स म्हणजे स्वतःचं घर," असं ते म्हणायचे. आम्हाला पाठ होतं.

घरही हलू शकतं, हे मात्र त्यांच्या एका स्पर्धकाने आधीच अनुभवलं होतं. त्याच्याकडे कॅननच्या एफडी लेन्स होत्या. १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी माउंटच बदलला, नवा ईएफ आणला, आणि जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेनात. लेन्स आणि फिल्म यांमधलं अंतरसुद्धा ४२ मिमीवरून ४४ झालं, त्यामुळे साधी रिंग लावली तर दूरचं फोकस होत नाही. दोन मिलिमीटर! तांत्रिकदृष्ट्या तो निर्णय पुढे बरोबर ठरला असं मला वाटतं, पण ज्याचं कपाट लेन्सनी भरलंय त्याला हे कसं सांगायचं?

मामा तेव्हा हसले होते. त्यांची पाळी डिजिटलबरोबर आली.

१९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ च्या बॉडीवर १.३ मेगापिक्सलचा सेन्सर बसवून डीसीएस विकायला काढला. १९९९ मध्ये निकॉन डी१ आला. आणि इथे ती गोष्ट घडली, जी त्या जुन्या सल्ल्याने गृहीतच धरली नव्हती: टिपणारा पृष्ठभाग रोलमधून निघून बॉडीत कायमचा चिकटला. आता रोल बदलायचा तर अख्खी बॉडी बदला. २००७ च्या निकॉन डी३ ने आयएसओ ६४०० वर सहज वापरता येतील असे फोटो दिले, तेव्हा जुनीच लेन्स घेऊन फोटोग्राफर अशा अंधारात शिरले, जिथे आधी फ्लॅशशिवाय जाताच येत नव्हतं. गोडार्डचा ब्रोमीन परत आला म्हणा ना.

मामांनी २००६ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून पहिली डिजिटल बॉडी घेतली. लेन्स जुन्याच चालतील, हा भरवसा होता. त्या बसल्याही. पण सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे २८ ची लेन्स ४२ सारखी वागायला लागली. लग्नात वधूवरांच्या मागे चाळीस नातेवाईक उभे, मामा मागे मागे सरकतायत आणि पाठीला कार्यालयाची भिंत. शेवटी रुंद अँगलची नवी लेन्स घ्यावीच लागली. तीन वर्षांत पार्ट्या विचारायला लागल्या, "किती मेगापिक्सल?" कर्ज होतं चार वर्षांचं. बॉडी हप्त्यांच्या आधी म्हातारी झाली. दोन वर्षांनी स्टुडिओचं शटर खाली आलं, आणि तिथे आता मोबाइल रिपेअरिंग आहे.

म्हणून मला "लेन्स आधी" हे डोळे झाकून म्हणवत नाही. एका माणसाने ते म्हणूनच सगळं मांडलं होतं.

मग माझ्या साठ हजारांचं काय? गणित केलं. माझी १८-५५ पूर्ण झूमवर एफ ५.६ देते. ५० मिमी एफ १.८ घेतली तर ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग: जवळजवळ पावणेदहा पट प्रकाश. उलट मोठ्या सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमची, सेकंडहँड बॉडी घेतली तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींच्या थोडं वर. शिवाय त्यावर लावायला लेन्स हवीच. सेन्सरची सुधारणाही आता पूर्वीसारख्या उड्या मारत नाही. २००६ ची बॉडी २००९ मध्ये जशी केविलवाणी दिसायची, तसा माझा २०१६ चा डी५६०० आज दिसत नाही. म्हणजे जुना सल्ला पुन्हा खरा ठरला, पण वेगळ्या कारणाने. आणि धोका उरतोच: २०१८ मध्ये निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ असे नवे माउंट आणले, म्हणजे मी जी लेन्स घेईन ती उद्याच्या बॉडीवर अडॅप्टर लावूनच बसणार.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गणित राहू दे, ये आणि पन्नास घेऊन जा."

त्यांची ५० मिमी एफ १.४, ऐंशीच्या दशकातली. माझ्या डी५६०० वर ती बसते, पण मीटर चालत नाही आणि फोकस हातानेच. मागच्या शनिवारी तालमीला नेली. आयएसओ १६०० वर कंदिलाचा प्रवेश! पहिले तीसेक फोटो वाया, कारण एफ १.४ ला फोकसची पट्टी इतकी पातळ, की एक डोळा स्पष्ट आणि कान धूसर. दोन पात्रं एका फ्रेममध्ये आली की एकाला सोडून द्यावं लागतं. कॅटलॉगमध्ये कुणी हे सांगत नाही. मग मी २.८ वर गेलो, श्वास धरला, आणि चारच फोटो मिळाले. रवा नाही.

त्यातला एक मामांना पाठवला. निळी टिक आली, बराच वेळ काही नाही. मग फोनच आला.

"कितीवर काढलास?"

"दोन पॉइंट आठ, मामा."

"शटर?"

"साठावा भाग."

"हं. हात स्थिर आहे तुझा." मग थोडं थांबून, "तू तुझी ऑटोफोकसवाली घे. स्टेजला पंच्याऐंशी बरी पडेल, एक पॉइंट आठची. आणि उरलेले पैसे खर्चू नकोस. माझी पन्नास प्रयोग झाला की परत आणून दे, मी दिलेली नाहीये तुला."

पंच्याऐंशी ऑर्डर केलीय. प्रयोगाच्या चार दिवस आधी येईल असं ॲप म्हणतंय.