येलहंक्यातल्या शाळा : निवड नेमकी कुणाची?

आजच्या भागात आपण बेंगळुरूच्या उत्तरेला, येलहंक्याला जाऊ. इथल्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बेंगळुरू वसवलं आणि १६३८ नंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. म्हणजे मराठी माणूस तिथे काही कालपरवा पोचलेला नाही. पण आज मी बोलणार आहे शाळांबद्दल.

येलहंक्यात शाळा आल्या त्या नोकऱ्यांच्या मागोमाग. १९६३ मध्ये वायुदलाचा तळ झाला, १९८४ मध्ये रेल्वेचा चाकांचा कारखाना. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांसाठी केंद्रीय विद्यालयं आली. १९८४ मध्येच सुरू झालेली मल्ल्या अदिती शाळा आज येलहंका न्यू टाऊनमध्ये आहे. १९९६ मध्ये कॅनेडियन इंटरनॅशनल निघाली. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ झाला आणि त्या रस्त्यावर गृहसंकुलं व खासगी शाळा वाढत गेल्या.

आता खरा प्रश्न : मुलाने शिकायचं कोणत्या भाषेत? कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये आदेश काढला, की मान्यताप्राप्त शाळांत पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्ये शिकवावं. खासगी शाळा कोर्टात गेल्या. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे.

मला यात एक गंमत दिसते. हक्क मिळाला, पण येलहंक्यातल्या मोठ्या खासगी शाळांचं माध्यम इंग्रजीच. कागदावर मराठीही निवडता येते. निवडायला शाळा मात्र हवी ना! भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःची शाळा काढायचा हक्क घटनेच्या कलम ३० ने दिलाय, पण ती चालवायला मुलं आणि पैसा लागतो.

पैशाचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब, वंचित मुलांसाठी आहेत. कर्नाटकाने २०१९ पासून नियम बदलला : जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगीत ती जागा नाही. म्हणजे निवड उरली ती फी भरू शकणाऱ्याची.

तिकडे जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. २०१५ च्या कायद्याने सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं झालंय. ते ओझं समजू नका, मूल त्या गावचं होईल. मराठीची शाळा मात्र घरातच भरवावी लागेल, रोज, न चुकता. तिला फी नाही.

भेटू पुढच्या भागात.