शिवराई आणि इतिहासाचा तास

इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर, अशी तक्रार आपल्या ज्ञातीतील शिक्षकबंधूंकडूनही वारंवार ऐकू येते. राज्याभिषेकाचे १६७४ हे वर्ष मुलांना तोंडपाठ असते. परंतु त्या राज्यातील बाजारहाट कोणत्या नाण्याने होई असे विचारले, की वर्ग स्तब्ध होतो. संग्रहालयातील एखादी लहानशी वस्तू ही उणीव कशी भरून काढते, ते शिवराईच्या उदाहरणाने वाचकांपुढे मांडतो.

शिवराई हा तांब्याचा पैसा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ आणि भोवती ठिपक्यांचे कडे. इतके क्रमिक पुस्तकही सांगेल. मात्र सात-आठ शिवराया, निदान त्यांच्या प्रतिकृती, शेजारी शेजारी मांडाव्यात. एकीवर ‘शिव’, दुसरीवर ‘सिव’, तिसरीवर ‘सीव’. कोठे अक्षर कडेला तुटलेले, कोठे कडे अर्धेच उमटलेले. मुले प्रथम हसतात. मग एखादा धीट विद्यार्थी विचारतो, “गुरुजी, राजाचे नाव चुकविण्याची छाती कोणाची झाली?” खरा तास येथून सुरू होतो. ठसे हाताने कोरलेले, कोरणारे हात अनेक, लेखनाचा एकच नियम रूढ झालेला नव्हता. ठसा मोठा व चकती लहान, म्हणून अक्षरे बाहेर गेली. शेजारच्या मोगल नाण्यांवर फारसी अक्षरे असता येथे नागरी का, हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो, आणि राज्यव्यवहारकोश कशासाठी सिद्ध करविला गेला हेही मग मुलांस सहज उमगते.

येथे एक सावधगिरी हवी. हाच मजकूर असलेली शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली. पेशवाई १८१८ साली संपल्यावरही ती काही काळ चलनात होती. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ तर स्पष्टच नंतरची. तेव्हा प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतील समजणे ही भोळी भक्ती होय. वस्तूही दिशाभूल करू शकते, हे वर्गात सांगण्यास कचरू नये.

पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी घरोघरचे अडकित्ते, वजऱ्या, दिवे आयुष्यभर जमविले आणि तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनास अर्पण केला. अशा वस्तू आपल्याही माळ्यावर असतील. ज्ञातिभगिनींस विनंती, की जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्याने अक्षरेही झिजतात.

आमच्या घरी शिवरायांची एक पिशवी होती. घागर घेताना ती वजनावर मोडीत गेली. एकच शिवराई वाचली. ती लहान मुलाच्या गळ्यात बांधण्यासाठी भोक पाडलेली होती म्हणून. वर्गात नेली, की मुले लेखाआधी त्या भोकाविषयीच विचारतात.