बंदुकीच्या दस्त्याची लांबी

बंदुकीच्या दस्त्याची लांबी म्हणजे चापापासून दस्त्याच्या खांद्याकडील टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर होय. लाकडी दस्ता तोकडा पडत असल्यास त्याच्या टोकाशी लाकडी जोडतुकडा बसवून ही लांबी वाढविता येते. या तुकड्यास स्पेसर असेही म्हणतात.

महत्त्व

प्रौढांच्या बहुतेक बंदुकांमध्ये हे अंतर सुमारे १३½ ते १४½ इंच असते. मात्र योग्य माप नेमबाजाचे हात, मान, खांदे आणि अंगावरील कपडे यांवरून ठरते. दस्ता तोकडा असल्यास मान आखडते आणि बार उडताच चापाच्या हाताचा अंगठा नाकावर आदळू शकतो. दस्ता फार लांब असल्यास तो खांद्याशी आणताना काखेतील कपड्यात अडकतो. बंदूक खांद्याला लावल्यावर अंगठा व नाक यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले, तर माप साधारणपणे योग्य समजतात.

जोडतुकड्याची घडण

प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करून टोकाची पट्टी किंवा रबरी गादी काढतात. दस्त्यासाठी बहुधा अक्रोडाचे लाकूड वापरलेले असते. तुकडाही शक्यतो त्याच जातीचा, पूर्ण वाळलेला व जुळत्या रेषांचा निवडतात. दस्त्याच्या टोकाचा आकार त्यावर आखून तो किंचित मोठा कापतात. दोन्ही पृष्ठभाग अगदी सपाट हवेत. एका कडेस जाडी कमी-अधिक झाल्यास दस्त्याचा खांद्याशी होणारा कोन बदलतो. मूळ छिद्रांच्या रेषेत छिद्रे पाडून तुकडा व गादी अधिक लांब स्क्रूंनी बसवितात. शेवटी कानस व पॉलिश पेपरने कडा दस्त्याशी एकसारख्या करून जवसाचे तेल देतात. तुकड्यामुळे मागील वजन वाढून बंदुकीचा तोल बदलतो. म्हणून काही कारागीर तो आतून पोकळ करतात.

ली-एनफील्ड रायफल

भारतात इशापूर येथील कारखान्यात तयार झालेली .३०३ ली-एनफील्ड रायफल पोलीस दलाने दीर्घकाळ वापरली. या रायफलीचा मागील दस्ता सुटा असून लांब, सामान्य, आखूड व बँटम अशा मापांत मिळे. लगतच्या दोन मापांत अर्ध्या इंचाचा फरक असे. बँटम हे ठेंगण्या कोंबड्याच्या जातीचे नाव होय. पहिल्या महायुद्धात कमी उंचीच्या सैनिकांच्या ब्रिटिश पलटणींनाही तेच नाव मिळाले होते. सैनिकाने शस्त्राशी जुळवून घेण्याऐवजी शस्त्र सैनिकाशी जुळवावे, हा विचार या व्यवस्थेत दिसतो.

क्रीडा नेमबाजी

आधुनिक स्पर्धा-रायफलींमध्ये जोडतुकड्याची जागा सरकत्या धातूच्या तळपट्टीने घेतली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे झोपून व उभे राहून नेम साधतात. शरीराची ठेवण तिन्ही स्थितींत बदलत असल्याने एकाच नेमबाजाला दस्त्याची लांबीही बदलावी लागते.

कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची निर्मिती, रूपांतर व दुरुस्ती यांसाठी परवाना आवश्यक आहे. त्यामुळे दस्त्याचे असे काम परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे लागते.