मंदीतील संरक्षक जकाती व खानदेशचा कापूस

परकीय मालाच्या स्पर्धेपासून देशी उद्योगधंद्यांचा बचाव करण्यासाठी आयातीवर जी जकात बसविण्यात येते, ती संरक्षक जकात होय. मंदीच्या काळात बहुतेक देश तिचा आश्रय घेतात. परंतु एका देशाची आयात ही दुसऱ्याची निर्यात असल्यामुळे प्रत्युपाय योजिले जातात व व्यापार आकसतो. १९३० च्या अमेरिकन स्मूट-हॉली कायद्यानंतर असेच घडले. १९२९ ते १९३३ या काळात जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. अर्थात त्यात भावांच्या घसरणीचाही वाटा मोठा होता.

तत्कालीन पूर्व व पश्चिम खानदेशात (सध्याचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) या धोरणाच्या दोन्ही बाजू एकत्र आढळतात. जळगाव, अमळनेर, धुळे येथील कापडगिरण्यांना संरक्षण हितावह होते. मात्र पुष्कळसा कापूस सरकी काढून व गासड्या बांधून रेल्वेने मुंबईस जाई. तो आखूड धाग्याचा असल्याने लँकाशरच्या गिरण्यांना फारसा उपयोगी नव्हता. भारतीय कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपान हे होते.

१९३० च्या संरक्षण कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के व इतर परदेशी कापडावर २० टक्के जकात बसली. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णपरिमाण सोडले, येनचे मूल्य घसरले आणि जपानी कापड अतिशय स्वस्त झाले. तेव्हा ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० व जून १९३३ मध्ये ७५ टक्के करण्यात आली. प्रत्युत्तरादाखल जपानी गिरणीमालकांनी भारतीय कापसावर बहिष्कार घातला. भाव आधीच कोसळलेले, सारा मात्र रोखीने भरावयाचा, अशा स्थितीत गिरणीच्या संरक्षणाची किंमत कापूस पिकविणाऱ्याने मोजली. 

जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जकात ५० टक्क्यांवर आली व कापडाचा कोटा कापसाच्या खरेदीशी जोडण्यात आला : जपानने १० लाख गासड्या घेतल्यास ३२·५ कोटी वार, १५ लाख घेतल्यास कमाल ४० कोटी वार कापड भारतात आणता येई. मुक्त व्यापाराची जागा अशा रीतीने वस्तुविनिमयसदृश व्यवहाराने घेतली. कापसास गिऱ्हाईक परत मिळाले, तरी शेतकऱ्यांचे कर्ज हटले नाही. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथील काँग्रेस अधिवेशनाने सारा व कर्ज यांत सवलतींचा कार्यक्रम स्वीकारला, त्यास ही पार्श्वभूमी होती. १९४१ मध्ये युद्धामुळे जपानची बाजारपेठ बंद झाली आणि आखूड धाग्याच्या कापसाखालील जमीन अन्नधान्याकडे वळविण्याचे धोरण सरकारने अवलंबिले.